नेपाळच्या डोंगरी शाळेत शिकवायला जाताना

आपल्याकडे मे महिन्यात शाळा बंद असतात, तेव्हा नेपाळमध्ये नवं शैक्षणिक वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. तिथे वर्ष सुरू होतं वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. सुट्टीतले पाच-सहा आठवडे तिथल्या एखाद्या सामुदायिक, म्हणजे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायचं असेल तर हा काळ नेमका जुळतो. पण एक गोष्ट आधीच सांगते. वर्ग ताब्यात घ्यायला जाऊ नका, तिथल्या शिक्षकाच्या जोडीने शिकवायला जा.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बसने सोनौली. सीमेची कमान पायी ओलांडली की भैरहवा आणि मग बुटवल. इथून सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो आणि पाल्पावरून पोखऱ्याला जातो. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण वळणावळणाच्या या रस्त्यासाठी अख्खा दिवस हाताशी ठेवा. पोखऱ्याहून वरच्या गावांना जीप जातात. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढांना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्डावर काम भागत नाही. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात आणि घड्याळ १५ मिनिटं पुढे असतं.

व्हिसा नाही म्हणजे परवानगीही नको, असं समजू नका. २०१५ च्या संविधानाने शालेय शिक्षण स्थानिक पालिकांकडे सोपवलं आहे. म्हणून निघण्याआधी प्रधानाध्यापकांचं पत्र घ्या आणि गाउँपालिकेच्या (ग्रामीण पालिकेच्या) शिक्षा शाखेला, म्हणजे शिक्षण विभागाला, कळवलंय याची खात्री करा. पत्रात इयत्ता, विषय, तारखा, राहण्याची सोय आणि वर्गात तुमच्यासोबत कोणते शिक्षक असतील, हे सगळं यायला हवं. शेवटचा मुद्दा बहुतेक पत्रांत नसतो. तो आग्रहाने लिहून घ्या.

पैसे भरून अनाथालयात शिकवण्याच्या जाहिराती दिसतील. तिकडे अजिबात जाऊ नका. नेपाळमधल्या अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून मुलं घरापासून तोडून आणल्याचे प्रकार तिथे उघड झालेले आहेत. मुलांसाठी काही करायचं असेल तर ती जिथून रोज संध्याकाळी आपल्या घरी जातात, अशी शाळा निवडा.

पाठ्यक्रम विकास केन्द्र या नेपाळ सरकारच्या अभ्यासक्रम संस्थेच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. ती उतरवून घ्या, कारण डोंगरात छापील पुस्तकं वेळेवर पोचतीलच असं नाही. हजेरीपटावर विक्रम संवत चालतो, २०२५ सालचा मे म्हणजे २०८२ चा वैशाख-जेठ. तिथले महिने २९ ते ३२ दिवसांचे असतात, त्यामुळे चाचणीची तारीख ठरवताना दोन्ही दिनदर्शिका समोर ठेवा. आठवड्याची सुट्टी शनिवारी.

पहिला आठवडा फक्त पाहण्याचा आणि तपासण्याचा. एकेका मुलाला जवळ बसवून दोन-तीन मिनिटांत अक्षर, शब्द, सोपा उतारा यांपैकी काय वाचता येतं ते बघायचं. आपल्याकडे ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत असंच करतात. पाचवीच्या एकाच वर्गात तिन्ही पातळ्यांची मुलं सापडतात. इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करा. लिपी देवनागरी असल्यामुळे फलकावर आपलं अडत नाही, पण पोखऱ्याभोवतीच्या अनेक गावांत मुलांच्या घरची बोली गुरुङ किंवा मगर असते. मूल गप्प बसलं तर त्याला गणित येत नाही की नेपाळीतला प्रश्न कळला नाही, हे तिथले शिक्षकच ओळखू शकतात.

वजाबाकीचं उदाहरण घ्या. ४२ मधून १७ वजा करायला सांगितलं की काही जण ३५ लिहितात. ही निष्काळजी चूक नव्हे. मूल दोन्ही स्थानांवर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या. सात सुट्या काढताना गठ्ठा सोडावाच लागतो, आणि मग २५ उरतात हे मूल स्वतः मोजतं. दहा मुलांना साठ काड्या पुरत नाहीत. प्रत्येक जोडीला पन्नास तरी हव्यात, आणि रबरबँड जादा, ते रोज तुटतात.

इंग्रजीत ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं. ओरडून सुधारत नाही. आधी नुसता ‘स्‌स्‌स्‌’ लांबवायचा, तो न तोडता ‘कूल’ जोडायचं, आणि मधली लांबी रोज थोडी कमी करायची. गाणी आणि एबीसीडी मात्र टाळा. येणारा प्रत्येक स्वयंसेवक तेच शिकवून जातो.

मे अखेरीस दुपारी वादळी पाऊस येतो. पत्र्याच्या छपरावर तो कोसळायला लागला की पुढच्या बाकालाही आवाज पोचत नाही. अशा वेळेसाठी लेखी काम तयार ठेवा आणि बोलण्याचे तास सकाळी घ्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: स्वयंसेवक आला की शिक्षक कार्यालयाच्या कामाला निघून जातात. दोष त्यांचा नसतो, कामाचा ढीग खराच असतो. पण आपण गेल्यावर गट मोडतात आणि मुलं पुन्हा पान क्रमांक एकवर येतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवस तुम्ही, एक दिवस ते, अशी पाळी लावा. शेवटच्या आठवड्यात तुम्ही मागच्या बाकावर बसा. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो कुठेही टाकू नका. काड्या, कार्डं आणि प्रत्येक मुलाच्या पातळीची वही शाळेच्या कपाटात ठेवून या. वहीत शेवटची नोंद शिक्षकांच्या हातची असू द्या.

परतीचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यातलं काढा आणि मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. त्यानंतर पावसाळा लागतो, दरडी कोसळून डोंगरातले रस्ते बंद पडतात आणि जीप कधी सुटेल ते चालकालाही सांगता येत नाही.