हिरो उडी मारतो ते ठीक, पण उतरतो कसा?

पिक्चरमध्ये कोणी तुटक्या पुलावरून बाईक उडवली की मी रिमोट मागून घेतो आणि पॉज करतो, घरचे वैतागतात पण मला त्यातच जास्त मजा येते. मोजपट्टी पडद्यावरच असते. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण 1.4 मीटर, मग मधल्या फटीत अशा किती बुलेट बसतील ते टीव्हीवर बोट ठेवून मोजायचं.

परवा भाचा सोबत होता, फट निघाली 20 मीटरच्या आसपास. आता हिरो सपाट रस्त्यावरून 60 च्या स्पीडने आला तर 20 मीटर कापायला 1.2 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो 7 मीटर खाली गेलेला असतो, म्हणजे समोरचा रस्ता राहिला वरच आणि हा डायरेक्ट नदीत. "पण मामा, रॅम्प असला तर?" पोरगं हुशार आहे. 25 अंशांचा रॅम्प दिला तर त्याच 60 मध्ये 21-22 मीटर जातो, आरामात पार! पण पलीकडे सपाट डांबरावर उतरणं म्हणजे अडीच मीटर उंचीवरून बाईकसकट आपटणं, आणि शॉकअप तर वीतभरसुद्धा दबत नाहीत. म्हणून खरे स्टंटवाले उतरायलाही उताराचा रॅम्प लावतात, तो पिक्चरमध्ये दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच की उडीत सहसा खोट नसते, खोट असते उतरण्यात. हिशोब सोपा आहे, किती मीटर पडला भागिले किती मीटरमध्ये थांबला, उत्तर येतं ते किती जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या किती पट धक्का. हिरोइन दहाव्या मजल्यावरून, म्हणजे 30 मीटरवरून पडली, स्पीड झाला ताशी 87, आणि हिरोने अर्ध्या मीटरात हातावर झेलली तर 60 जी. झेलली काय नि फरशीवर पडली काय, दोघंही हॉस्पिटलात (हिरोचे खांदे तर गेलेच). तीच एअरबॅगवर पडून 3 मीटरमध्ये थांबली तर 10 जी, मग जगायचा चान्स आहे.

आपल्याकडे नाशकात गंगेवर (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) पोरं पुलावरून उड्या टाकतात तेही याच हिशोबात बसतं. 5 मीटर धरा, पाण्याला लागताना स्पीड ताशी 36 च्या आसपास, पण पाणी दोनेक मीटर खोल जाईपर्यंत थांबवत राहतं, म्हणून अडीच जीवर निभावतं. खाली दगड असला की गणित बदललं, पुरात तर नादच नको.

बाकी गोळी लागून व्हिलन काच फोडून मागे उडतो ते सोडूनच द्या. एके-47 ची 8 ग्रॅमची गोळी, सेकंदाला 700 मीटर, आणि माणूस 70 किलोचा, तर तो मागे सरकणार सेकंदाला 8 सेंटिमीटरने. याहून मोठा धक्का सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बसमध्ये चढताना बसतो. आणि गोळीने खरंच माणूस उडत असता तर बंदूक चालवणारा हिरोही तेवढाच मागे उडाला असता की!