5 मिनिटांची टेस्ट, 19 दिवसांचा पंच

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. दोन वेल्डर, एक गॅस कटर आणि मी. गेल्या उन्हाळ्यात एका पाणी योजनेच्या पाइप सपोर्टचं काम केलं. 12 मिमीची साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, त्यात विशेष काही नाही. माल तयार झाला, प्रायमर मारून झाला आणि थर्ड पार्टीचे इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. डायमेन्शन बघितली, वेल्डिंग बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "प्लेटवरचा हीट नंबर दाखवा."

दाखवणार कुठून? हीट नंबर म्हणजे स्टीलच्या एका वितळणीचा नंबर. स्टील मिल तो प्लेटच्या एका कोपऱ्यात टाकते. मी व्यापाऱ्याकडून घेतलेला तुकडा दुसऱ्या कोपऱ्याचा होता. नंबराचा कोपरा कुणाच्या तरी गेटला नाहीतर ट्रॉलीला लागून गेला असणार. टीसीची, म्हणजे मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटची, झेरॉक्स माझ्याकडे होती, सहीशिक्क्यासकट. पण टीसीवरचा नंबर प्लेटवर नसेल तर त्या कागदाला काही किंमत नाही. साहेबांनी सरळ सांगितलं, उरलेल्या प्लेटमधून सँपल काढा, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमधून टेन्साइल, म्हणजे ओढून तोडायची टेस्ट, करून घ्या, मी टेस्टला हजर राहीन.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

साहेबांसमोरच 400 मिमी लांब आणि 50 मिमी रुंद असा तुकडा कापला. गॅसने कापताना थोडं जास्तच सोडायचं असतं, हे आमच्या कटरला माहीत होतं, म्हणून कड नंतर ग्राइंड करून घेतली. (गॅसची आंच लागलेली कड सँपलमध्ये राहिली तर आकडे प्लेटचे येत नाहीत. मी आता कडेपासून 20 मिमी तरी सोडतो.) साहेबांनी खिशातून स्वतःचा पंच, म्हणजे अक्षरांचा लोखंडी ठसा, काढला, हातोडीने सँपलवर ठोकला, वहीत नोंद केली आणि गेले. पंच कुठे ठोकला हे मी बघितलं नाही. पुढची सगळी रड तिथली आहे.

पंच बसला होता लांबीच्या बरोबर मध्यावर, कडेला चिकटून.

लॅबमध्ये सँपल मशिनिंगला चार दिवस लागतील म्हणाले. चार दिवस कशाला थांबायचं? शेजारच्या मिलिंगवाल्याला लॅबचा ड्रॉइंग दाखवला, त्याने संध्याकाळी काम करून दिलं. फिनिश एकदम छान. मधला भाग 25 रुंद, दोन्ही टोकं रुंद, डंबेलसारखं. म्हणजे मधल्या भागात दोन्ही बाजूंनी साडेबारा मिमी माल निघाला आणि त्या मालाबरोबर साहेबांचा पंचही भुकटी होऊन गेला. अर्ध्या अक्षराचा ओरखडा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या काउंटरवर मॅडमनी सँपल उलटंपालटं केलं.

"सर, पंच दिसत नाही."

"हा काय, अर्धा आहे की."

"अर्धा चालत नाही."

मी मिलिंगवाल्याचं नाव घेतलं, साहेबांच्या वहीतल्या नोंदीचा फोटो दाखवला, शेवटी आवाजही चढवला. मॅडम शांत. फॉर्मही परत केला, कारण ग्रेडच्या रकान्यात मी 'एमएस' लिहिलं होतं. "एमएस हा ग्रेड नाही सर." बरोबर आहे त्यांचं. आयएस 2062 या भारतीय मानकात रोजच्या वापरातल्या प्लेटला ई250 म्हणतात, पुढे क्वालिटी ए, बीआर वगैरे. ते टीसीवरच छापलेलं असतं. तेवढं बघून भरा.

साहेबांना फोन लावला, तर ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या साइटवर. "पंच गेला म्हणजे सँपल गेलं, नवीन काढा, मी आल्यावर मारतो." आले आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत तयार माल शेडमध्ये पडून, बिल अडकलेलं, आणि वेल्डर रोज विचारणार, "शेठ, गाडी कधी भरायची?" मी चिडलो होतो, पण खरं सांगायचं तर साहेबांचं चुकत नव्हतं. पंच नसेल तर मी कोणत्याही चांगल्या प्लेटचा तुकडा लॅबला नेऊन देऊ शकतो, आणि तसं करणारे लोक आमच्याच लाइनमध्ये आहेत.

दुसऱ्या वेळी मी स्वतः खडूने जागा आखून दिली. आता मजा बघा. टोकाच्या रुंद भागावर पंच मारला तरी भागत नाही, कारण तोच भाग मशीनच्या जॉमध्ये, म्हणजे पकडीत, जातो. जॉचे दाते स्टीलमध्ये असे रुततात की तिथलं अक्षर नंतर वाचता येत नाही. म्हणून पंच अगदी शेवटाला हवा, जॉच्या बाहेर राहील अशा शेपटीवर. हे मला लॅबमधल्या टेक्निशियनने सांगितलं, तेही मी त्याला चहा पाजल्यावर. फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही. या वेळी दोन सँपल काढली, दोन्हींच्या दोन्ही टोकांना पंच, बाणाने रोलिंगची दिशा, आणि मशिनिंग लॅबकडेच दिलं. चार दिवस गेले तर जाऊ देत म्हटलं.

गेलेच. वर ज्या दिवशी साहेब मोकळे होते, त्या दिवशी यूटीएमचं, म्हणजे सँपल ओढून तोडणाऱ्या मशीनचं, कॅलिब्रेशन निघालं. तेव्हा टेस्टची तारीख ठरवताना आधी लॅबला विचारा, मग साहेबांना. मी उलटं केलं.

टेस्ट झाली एकोणिसाव्या दिवशी, साडेअकराला. मशीन इचलकरंजीचं, म्हणजे आपल्या घरापासून तासाभरावर बनलेलं. एवढं वैतागलेलं असूनही ते बघून बरं वाटलं.

सँपलवर 100 मिमी अंतरावर दोन बारीक खुणा केल्या. हे अंतर मनाने धरत नाहीत, क्षेत्रफळाच्या वर्गमुळाला 5.65 ने गुणायचं. माझं क्षेत्रफळ 12 गुणिले 25 म्हणजे 300 चौरस मिमी, उत्तर 98 च्या आसपास, ते 100 धरलं. लोड चढायला लागला. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली, 80 किलोन्यूटनच्या पुढे जरा घसरली आणि तिथेच थरथरत आडवी चालू लागली. तेवढ्यात सँपलवरची काळी पपडी तिरक्या रेघांमध्ये तडकून खाली गळायला लागली. हा यील्ड. लोड वाढत नाही आणि स्टील लांबत राहतं. पंचवीस वर्षं हे स्टील कापतोय, जोडतोय, पण त्याला असं हार मानताना कधी बघितलं नव्हतं. साहेबही मोबाइल खिशात घालून बघत होते.

मग रेघ पुन्हा चढली, 130 च्या जवळ गेली, सँपलची कंबर बारीक झाली आणि धाडकन तुकडा पडला. मधोमध. हे महत्त्वाचं, खुणेच्या जवळ तुटला असता तर लांबीची वाढ कमी दिसली असती. हात लावला, तुटलेली जागा चांगलीच गरम होती.

यील्ड 268, टेन्साइल 432, दोन्ही मेगापास्कल. लांबी 29 टक्के वाढली. या जाडीला ई250 साठी निदान 250, 410 आणि 23 लागतात. पाच मिनिटंही लागली नाहीत.

रिपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. माझ्या रिपोर्टात कामाच्या ऑर्डरचा नंबर चुकला होता, तो दुरुस्त करून घ्यायला आणखी अर्धा दिवस गेला. ती चूक माझ्याच पत्रात होती. पत्र लेटरहेडवर लागतं, हे राहिलंच सांगायचं. आणि रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह आणि यूएलआर नंबर (प्रत्येक रिपोर्टचा स्वतंत्र नंबर) आहे ना, तेही बघा. नसेल तर साहेब हात लावत नाहीत.

साहेबांनी रिपोर्ट घेतला. 268 कडे बघितलं नाही, 432 कडेही नाही. तुटलेल्या सँपलची शेपटी उजेडात धरली, वहीतला पंच आणि त्यावरचा पंच ताडून बघितला आणि सही केली. संध्याकाळी गाडी भरली.

परवा 16 मिमीची प्लेट आली. ट्रक दारात उभा असतानाच वर चढून कोपरा पुसला. हीट नंबर होता. टीसीशी जुळवला, फोटो काढला आणि मग हमालांना म्हटलं, उतरवा.