चमचाभर शेवाळ

टाकीला शेवाळ धरलं की मी बाह्या सरसावून ब्रश घेऊन आत उतरतो. आणि रोज सकाळी त्याच्याच गोतावळ्यातलं एक मिक्सरमध्ये घालून पितो. त्याचं नाव स्पिरुलिना, वाळवलेली हिरवी पावडर. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा तळ्याकाठचा ओलसर, माशांकडे झुकणारा वास आला. पुन्हा झाकण लावून बराच वेळ ओट्यावरच्या डब्याकडे बघत बसलो होतो.

तसं शास्त्रज्ञांच्या लेखी हे शेवाळही नव्हे. सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न करणारे हे जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे धागे स्प्रिंगसारखे वळलेले दिसतात, म्हणून हे नाव. मेक्सिकोतल्या टेक्सकोको सरोवरावरून अॅझ्टेक लोक ते जाळ्यांनी गोळा करून वाळवत. आफ्रिकेत चाड सरोवराकाठी कानेम्बू बायका वाळूवर त्याच्या वड्या वाळवतात आणि कालवणात शिजवतात. वास लपवायला त्यांना केळं लागत नाही.

मला लागतं. चांगली पिकलेली दोन केळी, थोडं आंबट काहीतरी आणि पाणी. पावडर सगळ्यात शेवटी. आधी टाकली तर ती भांड्याच्या कडांना चिकटून बसते आणि मग चमच्याने खरवडायची कसरत. झाकण नीट न लावता बटण दाबायचा प्रयोगही करून झाला आहे. तेव्हा भिंतीवरचे हिरवे ठिपके दोन दिवस मुक्कामाला होते.

पौष्टिकतेचा हिशेब मी एकदा मांडून बघितला आणि जरा गप्पच झालो. वाळलेल्या स्पिरुलिनात वजनाच्या साठेक टक्के प्रथिनं असतात, हे खरंच. पण माझा चमचा जेमतेम ३ ग्रॅमचा. म्हणजे पदरात दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. एका अंड्यात त्याच्या तिप्पट असतात. जीवनसत्त्व बी-१२ साठी घ्यावं, तर यातलं बरंचसं नुसतं त्याच्यासारखं दिसणारं, माणसाच्या अंगी न लागणारं. थोडक्यात, मी केळ्याचं पेय पितो आणि श्रेय पावडरीला देतो. हिरवा रंग बघितला की बिचाऱ्या केळ्याकडे कोणाचं लक्ष जातंय?

तरी डबा संपला की नवा आणतोच. खरं कारण सांगू? मला त्याचा रंग आवडतो. पिण्यातला नव्हे, धुण्यातला. रिकाम्या ग्लासात पाणी घालून थोडा वेळ ठेवलं की तळाशी हिरवा गाळ बसतो आणि वरचं पाणी चक्क निळसर होतं. हिरवं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, पण त्याच्या आड दडलेलं फायकोसायनिन नावाचं निळं प्रथिन विरघळतं. तापवलं की हा निळा विटतो, म्हणून ग्लासात गरम पाणी मी कधी घालत नाही. शाईची दौत धुतल्यासारखं ते पाणी खिडकीशी धरून बघतो आणि मग मोरीत ओततो.

उद्या केळी नाहीत. म्हणजे पावडरीलाही सुट्टी.