‘मासिक उत्पन्न’ हा रकाना खोडा

प्रकल्पाला विषय शोधताना कोल्हापुरातली पोरं दोन विषयांपाशी हमखास येतात. एक, विद्यार्थ्यांचा पैसा. दुसरा, गावाचं पारंपरिक पर्यावरण ज्ञान, म्हणजे पाऊस, नदी, झाडं यांची पिढीजात जाण. दोन्हींच्या प्रश्नावल्या अगदी वेगळ्या दिसतात, पण फसतात एकाच जागी. माणसं ज्या कॅलेंडरवर जगतात ते सोडून आपण भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन जातो.

आधी पैसा. आजरा नाहीतर शाहूवाडीकडून आलेला, शहरात कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन) राहणारा मुलगा समोर आहे. त्याला विचारलं, ‘कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?’ तो उत्पन्नाच्या दाखल्यावरचा वर्षाचा आकडा आठवतो, बारानं भागतो आणि लिहून देतो. झालं, सर्वेक्षण वाया गेलं. त्या घरात पैसा महिन्याला येतच नाही. दुधाचं बिल दहा दिवसांनी. उसाचं बिल गळीत, म्हणजे कारखान्यात ऊस गाळणं, सुरू झाल्यावर. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत, प्रत्यक्षात जमा होईल तेव्हा. भात सुगीला, काजू उन्हाळ्यात, आणि दिवाळीला दुधाचा फरक.

म्हणून रकाने हंगामाचे पाडा: पावसाळा, सुगी-दिवाळी, गळीत, उन्हाळा. प्रत्येकात दोनच प्रश्न. बिल किती झालं? हातात किती आलं? या दोन आकड्यांतलं अंतर हाच खरा अभ्यास आहे. समजा २० गुंठे ऊस आहे. गुंठ्याला टन पडला (हे चांगल्या पिकाचं माप, एकरी ४० टन) तर २० टन होतो. टनाला ३००० रुपये धरले तर बिल ६०,००० चं. पण विकास सोसायटीचं (गावच्या सहकारी कर्जसंस्थेचं) पीककर्ज बिलातून आधीच वळतं होतं. ते २५,००० असेल तर घरी ३५,००० आले, आणि त्यातून मशागत, भांगलण, खत अजून वजा व्हायचंच आहे. दुधाचं तसंच, पशुखाद्याची पोती बिलातूनच कापली जातात. नुसतं ‘उसाचं किती आलं?’ विचारलं की अर्धी माणसं ६० सांगतात आणि अर्धी ३५. मग सरासरीला काही अर्थ उरत नाही.

फी भरायची जून-जुलैत. तेव्हा घरातला पैसा बियाण्याला, खताला आणि लावणीच्या मजुरीला गेलेला असतो. त्यामुळं ‘फी कोणी भरली?’ यापेक्षा ‘फी भरायला पैसे कुठून उभे केले?’ हा प्रश्न जास्त बोलतो. पर्यायांत ‘बँकेचे शैक्षणिक कर्ज’ एवढंच छापू नका. भिशी, बचत गट, पतसंस्था, सोनेतारण, पाहुण्यांकडून हातउसने, जनावर विकून, हे सगळं त्यात पाहिजे. जनावर विकल्याचं कुणी आपणहून सांगत नाही.

खर्चाला एकच मुदत लावू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात वापरतात ती पद्धत इथंही चालते: भाजी, दूध, चहा, वडापाव असल्या गोष्टींसाठी मागचे ७ दिवस, मोबाईल, भाडं, प्रवास यांसाठी ३० दिवस, फी, पुस्तकं, कपडे, गादी यांसाठी ३६५ दिवस. चहाचा हिशोब महिन्याचा मागितला तर पोरं अंदाजानं कमी सांगतात. मेसला महिन्याचा दर असतो, पण रविवारी संध्याकाळी चूल बंद, आणि खाडे धरायचे की नाहीत हे प्रत्येक मेसवाल्याचं वेगळं. तो बाहेरचा रविवार स्वतंत्र विचारा, बराच खर्च तिथं निघतो. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत असते. खर्चात पासची किंमत धरा, तिकिटाची नाही.

‘शिष्यवृत्ती मिळाली का?’ याला ‘नाही’ असं उत्तर आलं की लगेच नोंदवू नका. महाडीबीटीचं (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं) पैसं आधारला जोडलेल्या खात्यात जातं, आणि ते खातं कधीकधी गावच्या बँकेतलं जुनं, विसरलेलं असतं. अर्ज केला का, मंजूर झाला का, पैसे कुठल्या खात्यात गेले, असे तीन प्रश्न वेगळे करा. विद्यार्थ्यानं यूपीआयचा हिशोब स्वतः फोनवर बघून आकडा सांगावा. तुम्ही फोन हातात घेऊ नका, स्क्रीनशॉट तर मागूच नका.

नमुन्याचं गणित: ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक चालवून घ्यायची तर साधारण ३८४ जण लागतात. पण ३८४ फॉर्म वर्गात वाटले तर वर्गात बसणारेच सापडतात. दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा डिलिव्हरीवर जाणारा तासाला नसतो आणि पैशाची ओढाताण नेमकी त्याची जास्त. रात्री साडेनऊला मेसवर जा. तिथं १०० फॉर्म भरले तरी वर्गातल्या ३०० पेक्षा जास्त कळतं.

आता दुसरा विषय. ‘तुमचे पारंपरिक पर्यावरणीय ज्ञान सांगा’ असं विचारल्यावर म्हातारं माणूस गप्प बसणार नाही तर काय करणार! ‘पूर्वी काय बघून पेरायचे?’ एवढं विचारा. मग रोहिणी, मिरग (मृग), आर्द्रा, तरणा, म्हातारा अशी पावसाच्या नक्षत्रांची वाट सुरू होते. तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो: रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ८ जूनच्या, पुष्य २० जुलैच्या, आश्लेषा ३ ऑगस्टच्या. ही यादी खिशात ठेवा. धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली) पेरणी रोहिणीत उरकली की मिरगाच्या पावसात, हे वाक्य तारखेत बदलून घेतलं तरच पावसाच्या नोंदीशी ताडून बघता येतं. पुराचंही तेच: २०१९ चा महापूर आश्लेषेत आला, २०२१ चा म्हाताऱ्यात. माणूस वर्ष विसरतं, नक्षत्र विसरत नाही.

पुराची उंची फुटात विचारू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे आता सगळ्यांच्या तोंडात आहेत, त्यामुळं उत्तर बातमीतलं येतं. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडं ‘पाणी कुठल्या पायरीला लागलं?’ विचारा, पायरीवर खडूची खूण करा आणि गवंड्याची पाण्यानं भरलेली लेव्हल पाईप लावून दोन घरांच्या खुणा जुळवा. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर चार-सहा इंचांची फसगत होते. दोन्ही तोंडं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी बघा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याबद्दल विचारायचं तर बरगे (पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या) कधी काढायचे आणि कधी घालायचे, हे कोण ठरवायचं ते विचारा. बरगे काढायला उशीर झाला की पाणी अडून काठावर चढतं, लवकर घातले की शेवटच्या पावसात तेच. नदीबद्दलचं गावचं ज्ञान त्या निर्णयात साठलेलं असतं.

देवराईच्या गावात पाटलाच्या सोप्यात बसून घेतलेली मुलाखत म्हणजे पाटलाची देवराई. गुरवाला भेटा, धनगरवाड्यावर जा, आणि बायकांना वेगळं भेटा, कारण राईत कुणी जायचं आणि कुणी नाही याचे नियम त्या वेगळ्या सांगतात. लावणीच्या दिवसांत जाऊ नका, धारेच्या वेळी तर नकोच.

वनस्पतीचं नुसतं गावचं नाव लिहून आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कुडा म्हटलं की पांढरा कुडा वेगळा, काळा कुडा वेगळा, आणि औषधात ही अदलाबदल चालत नाही. शिवारफेरीत झाडापाशी उभं राहून नाव विचारा, फुलासकट तीन नमुने घ्या, वर्तमानपत्रात दाबा. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर चौथ्या दिवशी बुरशी.

दोन्ही विषय एकाच घरात भेटतात ते असे. मेसचं बिल कमी आलं म्हणून विद्यार्थी काटकसरी ठरत नाही. घरून तांदळाचं पोतं आलेलं असतं. हिरडा, शिकेकाई, मध, काजू यांचा पैसा ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात कुणीही लिहीत नाही, कारण घरात त्याला उत्पन्न म्हणतच नाहीत. तांदूळ आधी किलोत नोंदवा, रुपये नंतर लावा. रानातल्या वस्तू एकेक नाव घेऊन विचारा.

नोंदी झाल्या की एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं लोकजैवविविधता नोंदवही तिथंच ठेवायची असते. सांगणाऱ्याला आधी विचारा, नाव छापायचं की नाही. आणि नरक्यासारख्या औषधी झाडाची जागा अहवालात कधीही देऊ नका. घाटातून त्याची चोरटी तोड झालेली आहे. ‘तालुक्याच्या पश्चिम भागात’ एवढं पुरे, जीपीएसचे आकडे वहीत राहू द्या.