फुकेतच्या लग्नाला वऱ्हाड नेताना

फुकेतला लग्न ठरलं की नातेवाइकांचा पहिला फोन व्हिसासाठी येतो. त्यात फारसं काही नाही. थायलंडने जुलै 2024 पासून भारतीय पासपोर्टवर 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. तिथलं सरकार हे नियम अधूनमधून बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करायची. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. आमच्याकडच्या वऱ्हाडाची प्रवासाची व्यवस्था माझ्याकडे असते आणि माझं डोकं खातं ते सामान. निघतो आपण लग्नाला, पण विमानतळावर आपण पर्यटक असतो. आणि पर्यटकांच्या नियमात ओटी, रुखवत, आहेर असले शब्द नाहीत.

त्याआधी नावाचा घोळ मिटवतो. बऱ्याच बायकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं एकत्र असतात. तिकीट मात्र घाईत नुसत्या पहिल्या नावाने आणि आडनावाने निघतं. मी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवतो आणि त्यातलं अक्षर न् अक्षर तिकिटावर उतरवतो. नाव तोंडी सांगितलेलं चालवून घेत नाही, सख्ख्या मामाचंसुद्धा.

1 मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या दिवसाआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि फुकट असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ थाई इमिग्रेशनचं नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. लोक अडकतात पत्त्यावर. हॉटेलचं नाव टाकून भागत नाही. प्रांत, जिल्हा, उपजिल्हा यादीतून निवडावे लागतात. बांग ताओ किनाऱ्यावरचं हॉटेल असेल तर प्रांत फुकेत, जिल्हा थलांग, उपजिल्हा चेंग तले. मी हा पत्ता आणि तोच थाई लिपीत असा एक फोटो करून ग्रुपवर टाकतो. पहिला फॉर्मसाठी, दुसरा टॅक्सीवाल्याला दाखवायला. कार्ड भरल्यावर येणारा क्यूआर कोड ज्येष्ठांसाठी छापून घ्यावा.

आता सामान. कापूर ज्वलनशील आहे, त्यामुळे तो केबिनच्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. काडेपेटीही चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं म्हणाल तर, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. ओटीतली खोबऱ्याची वाटी घरच्या देवापाशीच ठेवायची. नारळ तिकडे मुबलक. पण हॉटेलवाले कोवळं शहाळं आणून ठेवतात, म्हणून कलशासाठी पिकलेला, शेंडीचा नारळ हवा असं फोटो पाठवून आधी कळवावं. हार-फुलं इथून अजिबात नेऊ नयेत. झेंडू आणि मोगरा तिथल्या लोकांच्या रोजच्या पूजेतला आहे, बाजारात सहज मिळतो. हळद, कुंकू, अक्षता वेगवेगळ्या पाकिटांत घालून, वर नावाची चिठ्ठी चिकटवून चेक-इनमध्ये. लोणचं आणि तूपही तिथेच. केबिनमध्ये द्रवपदार्थाची बाटली 100 मिलीच्या वर चालत नाही.

रुखवतातले अनारसे ही एक वेगळीच गंमत. सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाणार असाल तर त्यावरची खसखस धोक्याची. दोन्हीकडे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. थेट विमान असेल तर हा प्रश्न येत नाही. मुंबईहून फुकेतला थेट विमानं आहेत आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मी दोन पैसे जास्त देऊन तीच घेतो. बँकॉकमार्गे स्वस्त पडतं, पण तिथे सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. मुंबईचं विमान एकीकडे उतरलं आणि फुकेतचं दुसरीकडून सुटणार असलं तर बॅगा घेऊन भर रहदारीत शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे जावं लागतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढचं विमान चुकल्याची भरपाई कोणी देत नाही.

दागिन्यांवर थोडा वेळ घालवावा लागतो. परतताना सोन्यावर मिळणारी शुल्कसवलत वर्षभरापेक्षा जास्त परदेशात राहून येणाऱ्यांसाठी आहे. चार दिवसांच्या लग्नाला ती लागू नाही. आजीची मोहनमाळ इथूनच नेली होती हे पटवायचं तर जातानाच कस्टम्सच्या टेबलावर निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. सोबत दागिन्यांचे फोटो, असतील ती बिलं, आणि जुना दागिना असेल तर सराफाकडून वजन-शुद्धतेचा मूल्यांकन दाखला. अधिकारी दागिना प्रत्यक्ष बघतात, म्हणून तो बॅगेच्या तळाशी नको. ही पायरी इमिग्रेशनच्या आधी करायची. ते ओलांडून आत गेल्यावर मागे फिरणं कठीण. दागिने जाता-येता केबिनच्याच बॅगेत.

आहेराची पाकिटं घरीच द्या, किंवा बँकेतून पाठवा. भारताबाहेर माणशी 25,000 रुपयांपर्यंतच भारतीय नोटा नेता येतात. एका काकांकडे सगळ्या घराची पाकिटं सोपवली की ते अडचणीत येतात. ड्युटी-फ्रीच्या बाटल्यांचंही तेच. थायलंडमध्ये माणशी एक लिटर, आणि ज्याच्या हातात पिशवी त्याच्या नावावर सगळी मोजदाद. दुसऱ्याची बाटली ‘जरा धर’ म्हणून घ्यायची नाही, दंड धरणाऱ्यालाच होतो. ई-सिगारेट तर घरातून निघतानाच काढून ठेवा, तिथे त्यावर बंदी आहे.

खर्चाला बाट, म्हणजे थाई चलन, लागतं. थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाटच्या आसपास शुल्क लावतं, तेव्हा थोडे थोडे काढू नयेत. मशीन रुपयांत रक्कम दाखवून विचारतं, तेव्हा नकार देऊन बाटच निवडायचे. रुपयांचा दर महाग पडतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून इथेच सुरू करा आणि ओटीपीसाठी भारतीय सिम रोमिंगवर जागं ठेवा.

वेळ तिकडे दीड तास पुढे. पत्रिकेवर मुहूर्त 11 वाजून 42 मिनिटांचा असेल तर तो फुकेतचा. पुण्यात बसून थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांसाठी 10 वाजून 12 मिनिटं. इथल्या पंचांगातली वेळ नुसती दीड तास पुढे सरकवून भागत नाही, कारण सूर्योदय वेगळा आणि लग्नरास, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, तीही वेगळी. गुरुजींना ठिकाण सांगूनच मुहूर्त काढून घ्यावा. गोरज मुहूर्त असेल तर डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो, म्हणून फोटोंचा हिशेब आधी करावा.

वरातीत नोटा उधळायची हौस असेल तर ती इथेच ठेवा. बाटच्या नोटेवर राजाचं चित्र असतं. ती पायाखाली आली तर तो राजाचा अवमान समजला जातो आणि त्याचा तिथला कायदा फार कडक आहे.

ऋतूचं म्हणाल तर फुकेतच्या बाजूला पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा उत्तम. मे महिन्यातला मुहूर्त असेल तर छताखालचा पर्यायी मांडव यजमानांना विचारून घ्या. लाल झेंडा लावलेल्या किनाऱ्यावर समुद्रात उतरू नका. वाळूत टाचेच्या चपला रुततात आणि कोल्हापुरी खाऱ्या पाण्याने खराब होते, तेव्हा सपाट रबरी चप्पल वेगळी ठेवा. केस सरळ करायच्या यंत्राचा आपला मोठा तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. अॅडाप्टर दोन तरी न्या, कारण मुहूर्ताच्या सकाळी तो सगळ्यांना एकाच वेळी लागतो.

औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या असतील तर थाई नियम आधी तपासा. भाड्याची स्कूटर मोटरसायकलचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट असेल तरच. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते.

परतताना कस्टम्सचं प्रमाणपत्र दागिन्यांच्या डब्यात न ठेवता पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.