गाडीपुरती सावली

"ओ टेंपो, गाडी काढा. झाड आमचं आहे."

परवा दुपारी एका सोसायटीच्या वॉचमनकाकांनी मला असं उठवलं. डबा नुकताच उघडला होता. गाडी सोसायटीच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, कुणाच्या गेटला आडवी नाही. पण झाडाचं खोड भिंतीच्या आत होतं आणि सावली तेवढी बाहेर आली होती. काकांच्या हिशेबानं ती सावलीही मेंटेनन्स भरणाऱ्यांचीच. मुद्दा वाद घालण्यासारखा होता. पण वॉचमनशी वाद घालणारा कुरिअरवाला पुण्यात फार दिवस टिकत नाही; उद्या त्याच गेटातून पार्सलं घेऊन आत जायचं असतं. भाजी सांडणार नाही अशा बेतानं डबा सीटवर ठेवला आणि गाडी पुढं घेतली. उन्हात.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. खोडाचा मालक तोच सावलीचा मालक का? मग पाचोळ्याचा मालक कोण? तो तर सगळा रस्त्यावर पडतो आणि त्याच्याबद्दल कुणी हक्क सांगत नाही.

लोकांना वाटतं, आमच्या धंद्यात पत्ते शोधणं अवघड. पूर्वी असेल. आता मोबाईलवरची बाई डावीकडे-उजवीकडे सांगते, आणि ती चुकली तर पानवाला आहेच. खरी अक्कल लागते ती दुपारी एक ते तीनमध्ये गाडी कुठं उभी करायची, याला. हे मोबाईलवरच्या बाईला माहीत नसतं. तिला रस्ता मोकळा आहे की तुंबलाय एवढंच दिसतं.

गाडी माझी स्वतःची. छोटा हत्ती, पिवळी पाटी, हप्ता चालू. एका कुरिअर कंपनीला लावलेली आहे. त्यांच्या कागदावर मी 'पार्टनर'. प्रत्यक्षात मालक मी, ड्रायव्हर मी, हमाल मी, आणि पासिंगला उभा राहणाराही मीच. पैसे पार्सलमागे. सावलीत बसल्याचे मिळत नाहीत, पण दुपारी बेल वाजवली तर दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यापेक्षा बसलेलं बरं. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली असतं. वर पत्रा, खाली इंजिन, मधे आम्ही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला सरकारनं एसी सक्तीचा केला, तेव्हा मित्रांनी मला पेढे मागितले. नियम नीट वाचला तर तो साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना आहे. आमच्यासारख्या किरकोळ वजनाच्या लोकांना घाम कमी येत असावा.

आणि प्रश्न एकट्या ड्रायव्हरचा नसतो. मागच्या पेटीत काय काय असतं. चॉकलेटं, लिपस्टिका, मेणबत्त्या, थर्माकोलच्या डब्यातलं इन्सुलिन. एप्रिल-मे म्हणजे हापूसच्या पेट्या. गवताचा आणि आंब्याचा वास केबिनमध्ये येतो तेव्हा भूक लागलेल्या माणसानं फार वेळ सिग्नलला थांबू नये. पण गाडी उन्हात राहिली की तोच वास तासाभरात बदलतो, आंबटपणाकडे झुकतो. घरी पेटी उघडल्यावर एखाद्या फळात साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघाला तर फोन बागायतदाराला जात नाही, मला येतो. "दादा, गाडीत तापवलात ना?" आता साका झाडावरून आला की गाडीतून, हे मी दारात उभा राहून कसं सिद्ध करणार?

तर झाडं. झाडांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती कवींना पटणार नाहीत.

गुलमोहर हे मादागास्करहून आलेलं आणि तिकडेच राहिलं असतं तरी चाललं असतं असं झाड आहे. मार्च-एप्रिलमध्ये, गरज असते नेमकी तेव्हा, उघडंबोडकं उभं. मग फुलतं, लोक फोटो काढतात. पानं दाट होईपर्यंत पावसाळा तोंडावर आलेला असतो. वर लाकूड ठिसूळ. वळवाच्या पावसात गुलमोहराखाली गाडी ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडतो. शेवग्याचं तेच. सोनमोहर चांगला, पण संध्याकाळी गाडी बाहेर काढावी तर टपावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा, हबवरची, म्हणजे कुरिअरच्या गोदामातली पोरं विचारतात, वरात कुठली? कडुनिंब भला माणूस. पाडव्याला नवी पालवी, चैत्रात बारीक फुलं आणि त्यांचा तो मंद गोड वास; फक्त सावली जरा विरळ. चिंचेची सावली गारेगार, पण तिच्याखाली झोपायचं नाही असं आजीनं इतक्यांदा सांगितलंय, की तिथं मी जेवतो आणि डुलकीला दुसरीकडे जातो. आजीला जाऊन वर्षं झाली. पण विषाची परीक्षा कोण घेणार? वडाला तोड नाही. कोरेगाव पार्कातल्या गल्ल्यांमध्ये असे वड आहेत की त्या भागातली पार्सलं मी मुद्दाम दुपारवर ठेवतो. पक्षी काचेवर त्यांचं मत नोंदवतात, तेवढं पुसायचं.

आणि सगळ्यांत वर पर्जन्यवृक्ष. तोही परका, दक्षिण अमेरिकेकडचा, पण स्वभाव आपल्याकडच्या मोठ्या काकूंचा: येईल त्याला पदराखाली घेणार. एका झाडाखाली माझी गाडी, दोन रिक्षा, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि इस्त्रीवाल्याचं टेबल बसतं, तरी कुत्र्याला जागा उरते. शेंगा चिकट, टायरला आणि चपलेला बसतात. संध्याकाळी पानं मिटून घेतो. दुकान बंद.

पाम नावाचं जे काही नव्या टाउनशिपच्या गेटापासून ओळीनं लावतात, त्याला मी झाड म्हणत नाही. त्याची सावली विजेच्या खांबाएवढी पडते. खराडी, वाघोली, उंड्रीकडची रनशीट, म्हणजे दिवसाच्या पार्सलांची यादी, आली की मी सकाळी घाई करतो, दुपारच्या आत तिथून बाहेर. मेट्रोचा पूल वर झाला तेव्हा मला फार आशा होती. वनाज ते गरवारे, २०२२च्या मार्चपासून गाड्या धावतात, खाली लांबच लांब सावली. पण ती पडते बरोबर रस्त्याच्या मधोमध, जिथं थांबलं की पावती.

सावलीचं हे शास्त्र मला आबांनी, माझ्या वडिलांनी दिलं. आबा ट्रकवर होते. मार्केट यार्डातून किराणा भरायचा आणि कऱ्हाडला रिकामा करायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मला सोबत न्यायचे. मला वाटायचं हौसेनं. आता कळतं, आईला घरात शांतता हवी असायची. खंबाटकीचा घाट चढताना ट्रक एवढा तापायचा की पाय खाली टेकवत नसे, मी सीटवर मांडी घालून बसायचो. घाट उतरलं की जुन्या हायवेच्या दोन्ही अंगांना वड. त्यातला एक आबांचा ठरलेला.

गंमत अशी की एवढा मोठा वड असताना आबा ट्रक उन्हात लावायचे. झाडाच्या पूर्वेला, धड उन्हात, सावलीपासून चांगला लांब. क्लीनर नवा असला की तो सावलीत घ्या म्हणून हात करायचा. आबा बघायचे पण नाहीत. मग खोडाशी धडपं अंथरायचं, भाकरी, कांदा, गाडग्यातलं दही. जेवण झालं की आबा टोपी तोंडावर घेऊन आडवे. मला झोप यायची नाही. मी सावलीची कड बघत बसायचो. आधी पुढच्या चाकाला शिवायची, मग पायरीला, मग केबिनच्या दारावर चढायची. मी कडेला काडी रोवायचो, जरा वेळानं काडी सावलीत बुडालेली असायची. बोनेट पूर्ण झाकलं गेलं की आबा घड्याळ न बघता उठायचे. स्टेअरिंगला हात लावला तर गार.

"सावली हाय तिथं कुणीबी लावतंय," म्हणायचे. "सावली येनार कुठं, तिथं लावायची."

जेवताना माणूस सावलीत, निघताना गाडी सावलीत. रस्ता चौपदरी झाला तेव्हा ते वड गेले. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की अजून वडांची रांग लागते, त्यावरून अंदाज येतो. आबा मात्र वडांपेक्षा जकात नाक्याबद्दल जास्त बोलायचे. तिथं रांगेत तासन्‌तास, आणि सावलीचा ठिपका नाही. पुण्याची जकात २०१३ साली गेली, तेव्हा ते घरीच असायचे; बातमी ऐकून म्हणाले, आता उपेग?

आबांच्या नियमाला वर्षातले काही दिवस अपवाद. तेरा मेच्या आसपास पुण्यात साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. खगोलप्रेमी मंडळी त्याला शून्य सावली दिवस म्हणतात, मैदानात बाटल्या उभ्या करून सावली नाहीशी झालेली पोरांना दाखवतात, टाळ्या होतात. त्या दिवशी भिंतीच्या कडेला गाडी लावून काही उपयोग नाही, भिंत स्वतःची सावली पायाखाली घेऊन उभी असते. तिथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेला कललेला. म्हणजे जी बाजू थंडीत सावलीची, तीच आता तापणार. हे मला पुस्तकातून कळलं नाही, भाजलेल्या कोपरानं कळलं. पुढं एका डिलिव्हरीला भूगोलाचे निवृत्त मास्तर भेटले, त्यांनी ओटीपी सांगायच्या आधी दारातच क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला वर्षभराचा मार्ग, समजावलं. त्यांचं पार्सल पुस्तकांचं असतं, त्यामुळे तापलं तरी चालतं.

मधे एक झालं. माझ्या नेहमीच्या पर्जन्यवृक्षावर नोटीस लागली. रस्तारुंदी. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. खिळ्यानं ठोकलेला कागद, त्यावर उसाच्या रसाचे डाग. रसवाला म्हणाला, तू लिही, तुझं अक्षर बरं आहे. इस्त्रीवाले काका म्हणाले, लिहून काय होतंय? रिक्षावाल्यांत दोन मतं पडली. शेवटी गाडीच्या बोनेटवर ठेवून मीच लिहिलं. लिहिताना अडलो ते कारणापाशी. १९७५चा वृक्षसंवर्धनाचा कायदा आहे, पक्षी आहेत, ऑक्सिजन आहे, हे सगळं लिहायचं असतं, मला माहीत आहे. मी लिहिलं. पण खरं कारण त्यात कुठं बसेना.

कार्यालयात टेबलावरच्या मॅडमनी अर्ज वाचला. म्हणाल्या, "तुम्ही तिथले रहिवासी का?"

"नाही. दुपारी गाडी लावतो."

त्यांनी वर बघितलं, मग पोच म्हणून माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. सही-शिक्क्याशिवाय मी कुठूनच परतत नाही, ती सवय कामाला आली. सुनावणी झाली तर फोनवर कळवू, म्हणाल्या. मी विचारलं, आणि फोन नाही लागला तर? दुपारी मी गाडी चालवत असतो, कधी कधी उचलता येत नाही.

त्या पुढच्या अर्जाकडे वळल्या होत्या. आमच्याकडे असं झालं की 'ग्राहक उपलब्ध नाही' असं टाकतात आणि पार्सल माघारी जातं.