सत्तावीसातली बावीस मिळाली: १९७५ च्या टॉप्स सेटची नोंद

टॉप्स कंपनीचा हा सेट ६६० बेसबॉल कार्डांचा. कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या शोला निघालो तेव्हा बाइंडरमध्ये ६३३ कार्डं होती, परतलो तेव्हा ६५५. पाच खिसे अजून रिकामे आहेत. त्यातला एक दुसऱ्या दिवशी भरला होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रिकामा झाला. ते पुढे येईलच.

ज्यांनी हा सेट हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. १९७५ च्या टॉप्स बेसबॉल कार्डांची किनार दोनरंगी आहे, वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या. रंग अगदी कडेपर्यंत जातो. त्यामुळे पांढऱ्या किनारीवर खपून गेला असता असा टवका इथे लांबूनही दिसतो. शिवाय सेटचं पहिलं कार्ड हँक ॲरनचं आणि शेवटचंही ॲरनचंच. १ नंबरवर ८ एप्रिल १९७४ ला बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम मोडल्याची आठवण, ६६० नंबरवर तो ब्रूअर्स संघाचा खेळाडू म्हणून. पोरं गठ्ठा नंबरवार लावून त्याला रबर बांधायची. म्हणजे वर ॲरन, खाली ॲरन, आणि रबराचा काच दोघांनाच. या दोन नंबरांचं धड कार्ड शोधायला बसलात की त्या रबराची किंमत कळते.

माझी अट साधी आहे. कोपरे नुसत्या डोळ्यांना टोकदार दिसावेत, सेंटरिंग (समोरासमोरच्या किनारींचं प्रमाण) ६५/३५ पेक्षा वाईट नको, घडी नको, पेनाची खूण नको. स्लॅबच हवा, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने दहापैकी ग्रेड देऊन प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्डच हवं, असा आग्रह नाही. बहुतेक कार्डं रॉ, म्हणजे सुटी आहेत, नऊ खिशांच्या पानांत. या वेळी यादीत सत्तावीस नंबर होते. ब्रेट, याउंट, रायन, कार्टर असे मोठे खेळाडू काही आणि बाकी कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंची कार्डं. कॉमन म्हणून सोपे असं मात्र नाही. शेवटी उरतात ते कॉमन चांगल्या सेंटरिंगमध्ये मिळत नाहीत म्हणूनच उरलेले असतात.

पैसे उभे करायचे होते विकून. बरोबर तीन स्लॅब, नव्या चकचकीत कार्डांचा एक लांब डबा, आणि १९८७ ते १९९१ च्या डुप्लिकेटांचा एक डबा. हा शेवटचा डबा न्यायलाच नको होता. त्या वर्षांत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की आजही न फोडलेल्या पेट्या निघतात. एकाही टेबलावर कुणी झाकण उघडून पाहिलं नाही. दुपारी तो मुलांना फुकट कार्डं वाटण्याच्या टेबलावर ठेवून आलो. तिथे मात्र पाच मिनिटांत त्याच्याभोवती गर्दी झाली, आणि ते बघायला मी जरा रेंगाळलोच.

आता विक्री. माझं टेबल नाही, फिरूनच विकतो. आदल्या रात्री वहीत प्रत्येक स्लॅबसमोर दोन आकडे लिहिले होते, मागायचा एक आणि ज्याच्या खाली उतरायचं नाही तो दुसरा. दोन्ही आकडे प्रत्यक्ष झालेल्या विक्रींवरून. लोक किती मागताहेत यावरून नाही, कारण मागायला काहीही मागता येतं. डीलर पहिला प्रश्न विचारतो, "याचे किती अपेक्षित आहेत?" आणि "तुम्हीच सांगा" असं म्हटलं की तो खालून सुरुवात करतो. आकडा आपणच, शांतपणे सांगावा. हालत्या मालाला मला साधारण कॉम्प्सच्या (प्रत्यक्ष झालेल्या विक्रींच्या भावाच्या) पंचाहत्तर ते ऐंशी टक्के मिळतात, मंद मालाला निम्म्यापर्यंत. टेबलाचं भाडं, प्रवास आणि माल अडकून पडण्याचा धोका त्याचा असतो, तेव्हा यात रागावण्यासारखं काही नाही.

कुणाला विचारायचं हे जास्त महत्त्वाचं. १९८६ च्या टॉप्स फुटबॉलमधलं जेरी राइसचं रुकी (खेळाडूचं पहिलंवहिलं) कार्ड, आठ ग्रेडचं, मी आधी बेसबॉलच्या दोन टेबलांवर दाखवलं. दोघांनी सौजन्याने कमी आकडा सांगितला. मग फुटबॉलच जास्त ठेवणाऱ्या टेबलावर गेलो. त्या माणसाने स्लॅब तिरका धरून हिरव्या किनारीचे टवके पाहिले (त्या सेटचाही हाच आजार), सर्टिफिकेशन नंबर फोनवर तपासला आणि माझ्या मागायच्या आकड्याच्या जरासंच खाली थांबला. सौदा दोन मिनिटांत झाला. गिऱ्हाईक ज्याच्याकडे आधीच ठरलेलं असतं तोच बरा भाव देतो.

१९८९ च्या अपर डेकचं केन ग्रिफी ज्युनियर, त्या सेटचं १ नंबरचं कार्ड, नऊ ग्रेडमध्ये. एकही डीलर घेईना. प्रत्येकाच्या काचेखाली दोन-तीन होतीच. हे कार्ड इतक्यांनी ग्रेडिंगला पाठवलंय की नऊ ग्रेडला टंचाई अशी नाहीच. पण संध्याकाळी ट्रेड नाइटला, म्हणजे संग्राहकांच्या आपसातल्या देवघेवीला, एका संग्राहकाला स्वतःसाठी नेमकं हेच हवं होतं. डीलरला ते चौथं होतं, त्याला पहिलं. भाव डीलरपेक्षा चांगला मिळाला आणि दोघंही खूश. तिसरा स्लॅब नव्या बास्केटबॉल खेळाडूच्या सहीचा, फक्त पंचवीस छापलेल्यांपैकी अकरावा. खेळाडू जायबंदी, त्यामुळे भाव पडलेला. तो पहिल्या दिवशी विकला नाही, आणि ते बरंच झालं. चकचकीत कार्डांचा डबा एकगठ्ठा दिला. त्यातलं एकेक कार्ड विकत बसलो असतो तर तीन दिवस त्यातच गेले असते.

खरेदीची सुरुवात टेबलाच्या खालून केली. काचेखालचा माल सगळेच पाहतात. खालचे लांब डबे ओढून, स्टुलावर बसून हजार-हजार कार्डं चाळायची तयारी फार थोड्यांची असते. एका टेबलाखाली १९७३ ते १९७७ चे कॉमन नंबरवार लावलेले होते. आधी विचारलं, "डबा वर घेऊन पाहू का?" आणि आपली बॅग बंद करून पायाशी ठेवली. स्वतःची कार्डं बाहेर असताना दुसऱ्याचा डबा कधी उघडत नाही. एकदा सरमिसळ झाली की कोणाचं काय हे दोघांनाही सिद्ध करता येत नाही. तीन तासांत अकरा नंबर सुटले. त्यातला प्रत्येक मी दिव्याखाली तिरका करून पाहिला, कारण सुरकुती समोरून दिसत नाही, प्रकाश आडवा पडला की दिसते. किनारीला मार्कर लावून टवका बुजवला असेल तर कार्ड कडेवर उभं धरायचं. शाई गत्त्याच्या कडेत उतरलेली दिसते. अशी दोन बाजूला काढली आणि विक्रेत्यालाही दाखवली. त्यालाही ती डब्यात नको होती. अकरांचा एकच गठ्ठा करून भाव विचारला आणि त्याने आकडा गोल करून दिला.

दुसरा दिवस खरा भरगच्च. जॉर्ज ब्रेटचं २२८ नंबरचं रुकी कार्ड मला एकाच टेबलावर दोन रूपांत दिसलं, पीएसए या ग्रेडिंग कंपनीचं सहा आणि पीएसएचंच आठ, पण ओसी शेऱ्यासह. किंमत जवळजवळ सारखी. ओसी म्हणजे कार्ड बाकी आठच्या तोडीचं पण सेंटरिंग बिघडलेलं. पेनाची खूण असेल तर एमके. सेट जमवणाऱ्यांना हे शेरे म्हणजे संधी आहे, कारण शेरा लागला की भाव बराच उतरतो. तरी मी दोन्ही शेजारी ठेवून खूप वेळ पाहिली. आठचे कोपरे सुईसारखे, पण एका बाजूची रंगीत किनार जेमतेम उरलेली. सहाचे कोपरे किंचित मऊ, चौकट मात्र चारी बाजूंनी सारखी. पानावर नऊ कार्डं शेजारी-शेजारी बसतात तेव्हा डोळा आधी वाकडी चौकट पकडतो. सहा घेतलं. माझ्या मते या सेटला तेच न्याय्य आहे, कोपऱ्यांपेक्षा चौकट मोठी. दुसऱ्याचं मत वेगळं असू शकतं, आणि दहा ग्रेडच्या मागे असलेल्याचं असेलच.

२०० नंबरही मिळाला. १९६२ च्या एमव्हीपींचं (मोसमातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूंचं), मिकी मँटल आणि मॉरी विल्स. या उपमालेत जुन्या टॉप्स कार्डांची छोटी चित्रं छापलेली आहेत. पण विल्सचं १९६२ चं टॉप्स कार्ड कधी निघालंच नव्हतं. त्याचं पहिलं टॉप्स कार्ड १९६७ चं. म्हणून १९७५ मध्ये कंपनीने एक अस्तित्वात नसलेलं जुनं कार्ड काढून दाखवलं. मला संपूर्ण सेटमधलं हे सर्वात लाडकं कार्ड आहे, ब्रेटपेक्षाही. ज्याने विकलं त्याला ही गोष्ट माहीत नव्हती. ऐकून त्याने ते परत हातात घेऊन पाहिलं, मग दिलं. त्याच्याकडेच आणखी सहा नंबर निघाले.

आणि मग याउंट. २२३ नंबर, रॉबिन याउंटचं रुकी, रॉ. नेमकं त्याच्या आधी सहीचा स्लॅब विकला होता. भाव पडलेला असूनही वहीतल्या खालच्या आकड्याच्या वर गेला, आणि रोख रक्कम खिशात होती. पुढच्याच रांगेत याउंट दिसला. कोपरे चारही टोकदार, रंग ताजे. भिंगाने कोपरे पाहिले, तिरका करून सुरकुती पाहिली, घासाघीस केली, घेतला. मापलं मात्र नाही.

रात्री मुक्कामाच्या खोलीवर त्याच सेटचे दहा कॉमन काढले, मध्ये याउंट घातला, गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला आणि वरून बोट फिरवलं. याउंटपाशी बोट खाली उतरलं. त्या काळच्या कापणीत थोडा फरक असतोच, म्हणून एका कार्डाशी तुलना पुरत नाही. पण दहाही कार्डं एका पातळीत आणि हे एकच खाली. एक लांब कड गुळगुळीत, नव्या पात्याने कापल्यासारखी. बाकी तीन कडांना जुन्या गत्त्याचा बारीक खरखरीतपणा आणि काळाची पिवळसर झाक. कोपरे का टोकदार होते ते कळलं. कापलेलं कार्ड.

सकाळी दार उघडताच त्याच टेबलावर गेलो. माझे दहा कॉमनही बरोबर नेले. काही न बोलता त्याच्यासमोर गठ्ठा ठोकला. त्याने बोट फिरवलं, मग स्वतःच्या डब्यातले कॉमन काढून पुन्हा तेच केलं, आणि पूर्ण रक्कम परत दिली. त्यानेही ते एका मोठ्या संग्रहातून न मापता घेतलं होतं. त्याने ते कार्ड माझ्यासमोरच बाजूला काढून त्यावर "कापलेलं" अशी चिठ्ठी लावली. त्या माणसाकडून मी पुन्हा खरेदी करेन. पण आता विक्री आणि खरेदी यांत एक फेरी सोडणार. नुकताच विकून आलेला माणूस पुढच्या टेबलावर कमी पाहतो, हे मला त्या दहा कार्डांनी दाखवलं. ते दहा कॉमन आता माझ्या किटमध्येच असतात, भिंग आणि छोट्या टॉर्चबरोबर. ज्या सेटच्या मागे आहात त्याचेच, खात्रीचे, न कापलेले कॉमन ठेवा. पट्टीपेक्षा हे माप जास्त खरं. याच सेटची एक लहान आवृत्तीही निघाली होती, मिशिगनसह मोजक्या भागांत चाचणीसाठी विकलेली, साधारण वीस टक्क्यांनी छोटी, पण ती पाहताक्षणी ओळखू येते. कापलेलं कार्ड असं पटकन दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरीच टेबलं आवरायला लागली होती. डबे जड असतात, परत न्यावे लागू नयेत असं प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी भावाला जागा असते. पण चांगलं निवडून झालेलं असतं हेही खरं. ५०० नंबरचा नोलन रायन अदलाबदलीत मिळाला, बाइंडरमधले दोन डुप्लिकेट आणि वर थोडी रोख देऊन. अदलाबदलीत एकच गोष्ट मी धरून बसतो, दोन्हीकडचं मोजमाप एकच हवं. त्याचं कार्ड पूर्ण कॉम्प्सने आणि माझं रोखीच्या भावाने मोजलं तर ती अदलाबदल नाही, दोनदा दिलेली सूट आहे. समोरच्याने आधी तसंच मांडलं. मी म्हटलं, दोन्ही पूर्ण धरू किंवा दोन्ही ऐंशी टक्क्यांनी धरू, तुम्ही निवडा. त्याने दोन्ही पूर्ण धरले. जाता जाता आणखी दोन कॉमन सापडले, आणि बावीस झाली.

उरलेली पाच: १ नंबरचा ॲरन, ज्याचे तीन पाहिले आणि तिन्हींवर रबराची खाच. २२३ याउंट, या वेळी गठ्ठ्यात ठोकूनच. ६२० गॅरी कार्टर, चौघांच्या रुकी कार्डावरचा, ज्यात सेंटरिंग बरोबर असलेलं अजून हाती लागलेलं नाही. एक टीम कार्ड, मागच्या बाजूच्या चेकलिस्टवर (टिक करायच्या कार्डांच्या यादीवर) एकही खूण नसलेलं. आणि १३२ नंबरांच्या पाच चेकलिस्टांपैकी एक, जिच्यावर कुणीही पेनने टिक केलेली नाही.